ग्वाल्हेरच्या राजमाता आणि आपली 'रयत' राहण्याची सवय

सातवीच्या वर्गात शिवकाळ शिकवत होतो. एका मुलाने हात वर केला. त्याच्या मामाने मुंबईहून व्हॉट्सॲपवर शंभर रुपयांच्या नाण्याचा फोटो पाठवला होता, त्यावर एका बाईंचा चेहरा आणि खाली मेसेजमध्ये लिहिलेलं, 'राजमाता'. मुलगा म्हणाला, "सर, राजमाता म्हणजे जिजाऊ ना? मग ह्या कोण?"

तास संपायला पाच मिनिटं होती. उद्या सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी चाचणी होती, तिसऱ्या दिवशी मला मीटिंगला जावं लागलं, आणि प्रश्न राहून गेला. मुलं विसरतात, पण मास्तरला असे राहिलेले प्रश्न टोचत राहतात.

त्याच सुमारास आमच्या खारेपाटणच्या एसटी स्टँडजवळ चहा पिताना दुसरी एक गोष्ट कानावर आली. विषय निघाला होता गजापूरचा. १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरच्या अतिक्रमणांच्या प्रश्नावर माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी गडावर जाण्याची हाक दिली होती. त्या दिवशी एका जमावाने वाटेवरच्या गजापूरच्या मुसलमानवाडीत शिरून घरं, गाड्या आणि मशिदीची तोडफोड केली. नंतर संभाजीराजेंचे वडील, कोल्हापूरचे खासदार शाहू छत्रपती, स्वतः गजापूरला गेले, पडलेली घरं पाहिली, लोकांना भेटले. आम्ही कोकणात, ते घाटावर, पण घाट चढला की कोल्हापूर जिल्हाच लागतो. त्यामुळे बातमी लांबची वाटली नाही.

जहाजावर तीस वर्षं नोकरी करून आलेले आमचे एक खालू आहेत. ते म्हणाले, "राजे लोकांनी आपल्याला कधी त्रास नाय दिला रे मास्तर. बघ, म्हातारे महाराज आले ना भेटायला? ही सगळी कामं आताच्या पुढाऱ्यांची."

मीही बरीच वर्षं असंच मानत आलो होतो. आपल्या जलशांमध्ये, शाळेच्या भाषणांमध्ये आपण हेच सांगतो. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, सिद्दी मिस्री होता. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढलं. हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण त्यातून 'राजघराणं म्हणजे आपलं छत्र' असा जो अर्थ आपण काढतो, तो बरोबर आहे का? त्या मुलाने विचारलेल्या राजमातांचं आयुष्य नीट वाचलं की या प्रश्नाचं उत्तर मिळतं. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

सागरची मुलगी, ग्वाल्हेरची महाराणी

विजयाराजे शिंदे यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९१९ ला मध्य प्रदेशातल्या सागरला झाला. माहेरचं नाव लेखा दिव्येश्वरी. आई नेपाळच्या राणा घराण्यातली, वडील सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर. आई लवकर गेली, मुलगी आजोळी वाढली. बनारस आणि लखनौला कॉलेजात शिकली. १९४१ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्याशी लग्न झालं आणि लेखाची विजयाराजे झाली. एकवीस तोफांच्या सलामीचं संस्थान, घरात मराठी बोलणारे सरदार, मराठा रीतिरिवाज. राजपूत मुलीला हे सगळं नव्याने शिकावं लागलं.

शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. उत्तरेत 'सिंधिया' झाले तरी घर मराठीच राहिलं. आणि या घराचा आपल्याशी असलेला एक धागा फार कमी लोकांना माहीत असतो. उत्तरेत शिंद्यांचा दरारा बसवणारे महादजी शिंदे बीडच्या मन्सूर शाह या सूफी फकिराचे मुरीद होते. बीडमध्ये मन्सूर शाहांची दर्गा आजही आहे. ग्वाल्हेरला गोरखी वाड्यातल्या देवघरात बाबा मन्सूर शाहांचं स्थान आहे, तिथे उर्स होतो आणि शिंदे घराण्याचा प्रमुख हजेरी लावतो. ही परंपरा आजतागायत चालू आहे. मोहरममध्ये संस्थानचा स्वतःचा ताजिया निघायचा. हद्दू खाँ, हस्सू खाँ, हाफिज अली खाँ हे उस्ताद याच दरबाराच्या आश्रयाला होते.

हे ऐकलं की आमचे खालू लगेच म्हणतील, "बघ, सांगत नव्हतो?" जरा थांबा खालू, पुढचं ऐका.

भारत स्वतंत्र झाला. १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्य भारत राज्य झालं आणि जिवाजीराव त्याचे राजप्रमुख झाले. हे पदसुद्धा १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत गेलं. राजवाडा राहिला, तनखा राहिला, लोकांचा मुजरा राहिला. हुकूमत मात्र संपली.

ग्वाल्हेर तेव्हा हिंदू महासभेचा गड होता. गांधीजींच्या खुनात वापरलेलं पिस्तूल ग्वाल्हेरमधून मिळवलं गेलं होतं, हे खटल्यात पुढे आलं. तरीही चारच वर्षांनी, १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे गुना आणि ग्वाल्हेर या दोन्ही जागांवर निवडून आले. पुढे ग्वाल्हेरच्या पोटनिवडणुकीत महासभेचेच ना. भा. खरे जिंकले. दोघेही मराठी माणसं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. काँग्रेसला संशय होता की राजवाडा आतून महासभेला मदत करतो. हा संशय दूर करायला विजयाराजे दिल्लीला गेल्या, नेहरूंना भेटल्या. त्यातून १९५७ ला त्या स्वतःच गुन्यातून काँग्रेसच्या उमेदवार झाल्या. आणि त्यांनी हरवलं कोणाला? हिंदू महासभेच्या त्याच देशपांड्यांना.

म्हणजे ज्या बाईंचं नाव पुढे अयोध्येच्या आंदोलनाशी कायमचं जोडलं गेलं, त्यांच्या राजकारणाची सुरुवात नेहरूंच्या पक्षातून, हिंदुत्ववादी उमेदवाराला पाडून झाली. दहा वर्षं त्या काँग्रेसच्या खासदार होत्या. १९६१ मध्ये जिवाजीराव वारले तेव्हा त्या बेचाळिशीत होत्या, पाच मुलांची आई. विधवा महाराणी म्हणजे राजमाता. तेव्हापासून ही पदवी त्यांना चिकटली ती कायमची.

एका राणीने सरकार पाडलं

काँग्रेसशी बिनसलं ते मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी. १९६६ च्या मार्चमध्ये बस्तरचे माजी महाराज प्रवीरचंद्र भंजदेव आपल्याच राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्याच वर्षी ग्वाल्हेरमध्ये विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. संस्थानिकांना सरकार वागवतं कसं, आणि आपल्या शहरातली पोरं मरतात तरी आपल्याला कोणी विचारत नाही, हे दोन्ही राग एकत्र आले. इथे मी त्यांना दोष देणार नाही. विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या सरकारविरुद्ध उभं राहणं यात गैर काहीच नव्हतं.

१९६७ ला त्यांनी काँग्रेस सोडली आणि एकाच वेळी दोन निवडणुका लढवल्या. लोकसभेला गुन्यातून स्वतंत्र पक्षाच्या, विधानसभेला करेऱ्यातून जनसंघाच्या. दोन्ही जिंकल्या. लोकसभेची जागा सोडून त्या भोपाळला गेल्या. त्या गुन्याच्या पोटनिवडणुकीत आचार्य कृपलानी निवडून आले. जुलैमध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, मिश्रांचं सरकार कोसळलं आणि संयुक्त विधायक दलाचं सरकार आलं. विजयाराजे मुख्यमंत्री होऊ शकल्या असत्या. त्यांनी ते पद गोविंद नारायण सिंह यांना दिलं. आपल्याकडे आज आमदार फुटण्याच्या एवढ्या बातम्या येतात, त्यात पद नाकारणारं कोणी सापडणं कठीण. सरकार मात्र दीड वर्षाच्या वरच गडगडलं. फोडून आणलेली माणसं परत फुटली, दुसरं काय होणार.

जनसंघाला या बाईंकडून काय मिळालं, हे समजून घ्यायला पाहिजे. महाराष्ट्रात जनसंघ म्हणजे शेटजी-भटजींचा पक्ष असं म्हणत. शहरातले दुकानदार, शिक्षक, वकील, कारकून एवढीच त्याची पोच. मध्य भारतातही फार वेगळं नव्हतं. खेड्यातला शेतकरी त्यांच्या सभेला येत नव्हता. राजमाता आल्या आणि राजवाड्याच्या मागे शेकडो गावं आली. विचार पटला म्हणून आली असं नाही. 'महाराणींनी सांगितलंय' म्हणून आली. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना शिंद्यांच्या मुलखात जनसंघाने तीन जागा घेतल्या. भिंडमधून स्वतः राजमाता, गुन्यातून त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा माधवराव, आणि ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी. वाजपेयी ग्वाल्हेरचेच, त्यांचे वडील संस्थानात शाळामास्तर होते. मास्तरच्या मुलाला राजवाड्याच्या आधाराने खासदारकी मिळाली, असंही म्हणता येईल.

त्याच वर्षाच्या शेवटी घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता रद्द झाल्या. कायद्याने राजा उरला नाही. मग १९७५ ला आणीबाणी आली. विजयाराजेंना अटक झाली, तिहार तुरुंगात ठेवलं. जयपूरच्या गायत्रीदेवीही त्याच तुरुंगात होत्या. राजवाड्यात राहिलेल्या बाईने तिहारमध्ये दिवस काढले, सरकारची माफी मागून सुटका करून घेतली नाही. याबद्दल त्यांना मान द्यावाच लागतो. १९८० ला रायबरेलीत त्या थेट इंदिरा गांधींच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि मोठ्या फरकाने हरल्या. त्याच वर्षी भाजप स्थापन झाला, त्या उपाध्यक्ष झाल्या.

घरात मात्र फूट पडली. मुलगा माधवराव जनसंघापासून दूर झाला आणि काँग्रेसमध्ये गेला. आई-मुलाचं बोलणं तुटलं. या सगळ्या काळात राजमातांचे जवळचे सल्लागार होते सरदार संभाजीराव आंग्रे. आडनाव ओळखीचं वाटलं ना? कान्होजी आंग्र्यांच्या वंशातले. आमच्या खारेपाटणला येणारी खाडी विजयदुर्गची, आणि तो विजयदुर्ग १७५६ मध्ये पडेपर्यंत तुळाजी आंग्र्यांकडे होता. आमच्या खाडीच्या तोंडावरचं घराणं दोनशे वर्षांनी ग्वाल्हेरच्या राजवाड्यात हिंदुत्वाच्या राजकारणाचे धागे विणत होतं. कोकणातला माणूस कुठे नसतो!

एक मतदारसंघ, किती झेंडे

आता गुना या मतदारसंघाकडे पाहा. मी हे वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं होतं, मुलं हसली. १९५७, विजयाराजे, काँग्रेस. १९६७, विजयाराजे, स्वतंत्र पक्ष. १९७१, माधवराव, जनसंघ. १९७७, माधवराव, अपक्ष. १९८०, माधवराव, काँग्रेस. १९८९ पासून १९९८ पर्यंत विजयाराजे, भाजप. १९९९, माधवराव, काँग्रेस. २००१ मध्ये विमान अपघातात माधवराव गेले, मग पोटनिवडणुकीत त्यांचा मुलगा ज्योतिरादित्य, काँग्रेस. तो २०१९ ला त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याकडून हरला, मार्च २०२० मध्ये भाजपमध्ये गेला आणि २०२४ ला त्याच गुन्यातून भाजपचा खासदार म्हणून पाच लाखांहून जास्त मतांनी निवडून आला.

पक्ष बदलला, विचार बदलला, आई विरुद्ध मुलगा झाला. मतदार जवळजवळ दर वेळी राजवाड्याच्या मागे. शेजारच्या ग्वाल्हेरमध्ये तर अजून स्पष्ट दिसतं. १९७१ ला राजवाडा पाठीशी होता म्हणून वाजपेयी जिंकले, १९८४ ला राजवाड्याचा मुलगा समोर उभा राहिला तर तेच वाजपेयी हरले. वाजपेयींसारखा वक्ता, स्वतःच्या जन्मगावी!

या वफादारीत मुसलमान मतदार किती होते, कुठे कुठे होते, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. पण मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा की ही वफादारी राजाला दिलेली असते, एखाद्या विचाराला नाही. म्हणून राजा तिला घेऊन कुठेही जाऊ शकतो. नेहरूंकडे नेली तरी ती जाते, अयोध्येला नेली तरी जाते.

अयोध्येचा मंच

आणि ती अयोध्येला गेली. १९८० च्या दशकात रामजन्मभूमीच्या आंदोलनात विजयाराजे पहिल्या रांगेत होत्या. त्याआधी १९८७ मध्ये राजस्थानात देवराळ्याला रूपकंवर या अठरा वर्षांच्या विधवेला सती जावं लागलं, सगळा देश हादरला, केंद्राने सतीबंदीचा नवा कायदा केला, तेव्हा राजमातांनी सतीच्या परंपरेच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली. ज्या स्वतः पतीच्या मागे चाळीस वर्षं जगल्या, निवडणुका लढल्या, सरकारं पाडली, मुलींसाठी १९५६ मध्ये ग्वाल्हेरला सिंधिया कन्या विद्यालय काढलं, त्या बाईंनी. मला हे कोडं सुटलेलं नाही. कदाचित परंपरेचा मान आणि बाईचा जीव यात निवड करायची वेळ आली की राजघराण्याला परंपराच आधी दिसते.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली जात असताना त्या अयोध्येत, नेत्यांच्या मंचावर होत्या. मुलगा माधवराव त्या दिवशी दिल्लीत नरसिंह राव सरकारमध्ये विमान वाहतूक मंत्री होता. एका राजवाड्याचे दोन्ही दरवाजे त्या दिवशी उघडे होते म्हणा. मंचावरच्या नेत्यांनी घुमटांवर चढलेल्यांना खाली उतरण्याची विनंती केली होती, त्यात राजमाताही होत्या. लिबरहान आयोगाने त्या विनवण्या दुबळ्या ठरवल्या आणि जबाबदार धरलेल्यांच्या यादीत त्यांचंही नाव घातलं.

मी तेव्हा शाळेत होतो. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईच्या गाड्या खारेपाटणला थांबायच्या तेव्हा त्यातून आमचे नातेवाईक उतरायचे, हातात मिळेल ते गाठोडं घेऊन. माझी एक चाची भायखळ्याहून आली ती दोन वेगवेगळ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून. आम्ही पोरं हसलो, आईने कानाखाली दिली. मुंबईच्या त्या दंगलींत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं, त्यात बहुसंख्य मुसलमान होते. मुंबईची दंगल राजमातांनी घडवली असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण अयोध्येच्या मंचावरून जे सुटलं ते आमच्या एसटी स्टँडपर्यंत येऊन पोचलं होतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

विजयाराजे २५ जानेवारी २००१ ला वारल्या. बाबरी खटल्यात ४९ आरोपी होते. त्यांत त्यांचंही नाव होतं. निकाल लागेपर्यंत १७ जण मरण पावले होते. ३० सप्टेंबर २०२० ला लखनौच्या विशेष न्यायालयाने उरलेल्या ३२ जणांना निर्दोष सोडलं. त्याआधी वर्षभर सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या दाव्याच्या निकालात मशीद पाडणं हे कायद्याचं गंभीर उल्लंघन होतं असं लिहून ठेवलं होतं. कायद्याचं उल्लंघन झालं, पण केलं कोणीच नाही. निकालानंतर बरोबर बारा दिवसांनी, १२ ऑक्टोबर २०२० ला, पंतप्रधानांनी राजमातांच्या जन्मशताब्दीनिमित्त शंभर रुपयांचं स्मारक नाणं प्रसिद्ध केलं. आमच्या विद्यार्थ्याच्या मामाने पाठवलेलं ते हेच.

फकिराचा आदर आणि मताची गरज

ज्या घरात सूफी फकिराचा उर्स होतो त्या घरातली बाई बाबरीच्या आंदोलनात पुढे का गेली? 'बाई मनाने वाईट होती' हे उत्तर मला पटत नाही. त्यांचं राहणं साधं होतं, पूजापाठ कडक होता, शब्दाला जागणाऱ्या होत्या, असं त्यांचे विरोधकही म्हणत. मला वाटतं उत्तर राज्य चालवण्याच्या गरजेत आहे.

राजाला सगळ्यांवर राज्य करायचं असतं. सैन्यात पठाण आहेत, तोफखान्यात मुसलमान आहेत, बाजारात बोहरी आहेत, दरबारात उस्ताद आहेत. या सगळ्यांची निष्ठा हवी तर देवळालाही द्यावं लागतं, दर्ग्यालाही द्यावं लागतं आणि मोहरमला ताजियाही काढावा लागतो. यात भक्ती खरी असते, पण हिशोबही असतो. आमच्या खारेपाटणलाच सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट आहे. त्यात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण एका शैव मठाला दिलाय. मठ शैवांचा, सोनं दर्यापारच्या व्यापाऱ्यांचं. जहाजवाल्याला पळवून लावणं राजाला परवडणारं नव्हतं.

राज्य गेलं तेव्हा हा हिशोबही गेला. निवडणुकीत सगळ्यांची निष्ठा लागत नाही, जास्त मतं लागतात. ताजियाची गरज उरली नाही. उरली ती राजवाड्याची शान आणि लोकांची सवय, आणि ती घेऊन राजमाता जिकडे गर्दी होती तिकडे गेल्या. फकिराचा आदर देवघरात राहिला. तो आजही आहे, घराणं उर्साला जातं, हे चांगलंच आहे. पण देवघरातला आदर आणि संसदेतलं मत या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आपण पहिली पाहून दुसरीबद्दल निर्धास्त होतो. आपली चूक इथे आहे.

मी उर्दूतून शिकलो, मराठीतून शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्त लक्ष जातं. 'रयत' हा शब्द मराठीने अरबीतून घेतला. मूळ 'रईयत', उर्दूत 'रिआया'. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ गुरं राखणं, चारणं. राखणारा तो 'राई', राखली जाते ती 'रईयत'. राखणदार भला असेल तर कळप सुखी, पण रस्ता कुठला घ्यायचा हे कळपाला कोणी विचारत नाही. 'शहरी', म्हणजे नागरिक, हा शब्द त्यापेक्षा कितीतरी वेगळा. आपण राज्यघटनेने शहरी झालो आणि मनाने रिआया राहिलो. हे फक्त मुसलमानांचं नाही, गुन्याच्या खेड्यातल्या हिंदू शेतकऱ्याचंही तेच झालं. फरक एवढाच की राजाने रस्ता बदलला तर त्याच्या दारावर दगड येत नाहीत.

महाराष्ट्रात हे चित्र उशिरा आलं. इथली राजघराणी बराच काळ काँग्रेसच्या आसपास होती. आमच्या शेजारच्या सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले काँग्रेसचे आमदार होते. (खारेपाटण मात्र संस्थानात नव्हतं, आमचा मुलूख इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, त्यामुळे 'आमचे राजे' असं म्हणायला आम्हाला तसा कोणी नाहीच.) २०१९ मध्ये साताऱ्याचे उदयनराजे आणि शिवेंद्रराजे हे दोघेही राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले. उदयनराजे त्या वर्षी पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. म्हणजे साताऱ्याच्या मतदाराने निदान एकदा तरी राजाला 'थांबा' म्हटलं, गुन्याने म्हणायला २०१९ उजाडलं तसंच. २०२४ ला ते साताऱ्यातून भाजपचे खासदार झाले, आणि त्याच निवडणुकीत कोल्हापुरातून शाहू छत्रपती काँग्रेसचे. दोघेही छत्रपतींच्या गादीचे वारस. एकाच गादीच्या नावाने दोन उलट्या दिशांची मतं मागता येतात, तर ती गादी आपल्याला दिशा कशी दाखवणार?

आणि गजापूर. तो हल्ला संभाजीराजेंनी करवला असं मी म्हणत नाही, कोणी काय केलं हे तपासाचं आणि न्यायालयाचं काम. मला एवढंच दिसतं की हाक राजघराण्यातून आली होती आणि सांत्वनही राजघराण्यातूनच आलं. शाहू महाराजांनी जे केलं त्याची किंमत मोठी आहे, मी ती कमी करणार नाही. पण ते आले नसते तर? ते काँग्रेसऐवजी दुसऱ्या पक्षाचे खासदार असते तर? ज्यांचं घर फुटलं त्या माणसाला भरपाई, पंचनामा, आरोपपत्र हे सगळं महाराज आले काय, न आले काय, मिळायलाच हवं होतं. ते मागायचा हक्क त्याचा आहे. भेटीला येणं हा महाराजांचा मोठेपणा झाला. हक्क आणि मोठेपणा यांत आपण नेहमी मोठेपणाचेच आभार मानत बसतो.

हे सगळं मी खालूंना सांगितलं. एका बैठकीत नाही, तीन-चार चहांमध्ये. महादजी आणि मन्सूर शाहांची गोष्ट त्यांना फार आवडली, बीडला जायचं म्हणाले. राजमातांचं ऐकून गप्प बसले. मग विचारलं, "म्हणजे कुणावर भरोसाच ठेवायचा नाय?" मी म्हटलं, "ठेवा की खालू. पण मत त्याला द्या जो पाच वर्षांनी परत तुमच्या दारात येऊन हिशोब देईल. आणि न दिला तर बदला."

खालू म्हणाले, "मत देईन, पण माझं नाव यादीत धड आहे कुठे?"

मास्तर लोकांना मतदार याद्यांचं काम लागतं, मलाही लागलंय. घरी येऊन यादी काढली. खरंच, खालूंचं नाव मराठीत लिहिताना असं काही बिघडलं होतं की ते स्वतः वाचून ओळखणार नाहीत. शिवाय त्यांच्या धाकट्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच पत्त्यावर. दुसऱ्या दिवशी दोन्हींसाठी फॉर्म ८ भरला, खालूंची सही घेतली, आधारची झेरॉक्स जोडली. सातवीच्या त्या मुलाला राजमातांबद्दल सोमवारी सांगणार आहे. फळ्यावर गुन्याची यादी परत लिहीन.